गोदाबाईंचे उपास

पाहुण्यांना 'अहो' म्हणायचं, मग ते दोन पायांचे असोत की चार, असा बाईंचा नियम होता. गोदाबाई चार पायांच्या होत्या. बाईंचा भाचा कॅनडाला जाताना आपली लॅब्रॅडोर कुत्री पंधरा दिवसांसाठी म्हणून मावशीकडे ठेवून गेला, आणि मी तिथे भाड्याने राहायला गेले तेव्हा त्या पंधरा दिवसांना सहावं वर्ष लागलं होतं. भाच्याने तिचं नाव ब्राउनी ठेवलं होतं. पाहुण्याला खाण्याच्या जिनसेच्या नावाने हाक मारणं बाईंना बरं वाटेना, म्हणून त्यांनी पहिल्याच संध्याकाळी तिचं बारसं उरकून टाकलं.

"गोदाबाई, सरका बघू, लादी पुसायचीय." "गोदाबाई, पोस्टमनवर भुंकायचं नाही, तो सरकारी माणूस आहे." असं दिवसभर चालायचं. मला मात्र पहिल्या दिवसापासून 'अगं'. मी भाडेकरू होते, पाहुणी नव्हते.

बाईंना जाऊन आता वर्ष होईल. नारायणगुड्यातलं ते घर भाच्याने विकलं, तिथे आता चार मजले चढतायत. मी त्या गल्लीतून मुद्दाम जात नाही. बाईंबद्दल कुणी विचारलं की लोकांना वाटतं, मी त्यांच्या गणिताबद्दल सांगेन. चाळीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं. अख्खी गल्ली त्यांना 'बाई' म्हणायची. भाजीवाली तेलुगू होती, ती 'बाईगारू' म्हणायची. पण मला गणितात कधी गती नव्हती. मला आठवतात ते गोदाबाईंचे उपास.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. वडील जुन्या हैदराबादेत कोर्टात नोकरीला होते, त्यामुळे घरात मराठीइतकीच उर्दू. बाई दूधवाल्याशी तेलुगूत बोलायच्या, माझ्याशी मराठीत, आणि राग आला की उर्दूत. गुरुवारला त्या कधी गुरुवार म्हणाल्या नाहीत. दत्ताचा उपास त्या कडकडीत करायच्या, पण करायच्या 'जुमेरात'ला. यात काही गंमत आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आणि अचूकपणा तर विचारू नका. एकदा मी त्यांच्याबरोबर बाजारातून येत होते, तर गाडीतून एक टक्कल पडलेले गृहस्थ उतरले आणि भर रस्त्यात त्यांच्या पाया पडले. मोठे इंजिनियर होते. बाईंनी चष्मा वर करून त्यांना निरखलं.

"साडेचौतीस," बाई म्हणाल्या.

"हो बाई," ते गृहस्थ म्हणाले.

"पस्तीस लागतात."

"हो बाई. नंतर पडले मला."

"मालूम आहे. बासष्ट पडले." आणि मग त्यांनी त्याच्या टकलावरून हात फिरवला.

मला घर देताना त्यांनी दोनच प्रश्न विचारले होते. मांस-मच्छी खातेस का, आणि अंडं खातेस का. दोन्हींना मी न अडखळता 'नाही' म्हणाले. वास्तविक आम्ही देगलूरकडचे शेतकरी, आमच्या घरी रविवारी मटण शिजलं नाही तर शेजारी येऊन चौकशी करतात की कोण आजारी आहे. पण विम्याच्या कचेरीत नोकरी लागली होती, कचेरी अबिड्सला, आणि इतक्या जवळ, इतक्या हवेशीर दोन खोल्या मला सोडवेनात. अंबरपेठेत माझे मामा राहतात. दर रविवारी मी त्यांच्याकडे जायचे, पोटभर जेवायचे, तीनदा साबणाने हात धुवायचे, मूठभर बडीशेप चावायचे आणि शहाण्या मुलीसारखी घरी यायचे. चार महिने मी बाईंना सफाईने फसवलं, अशी माझी समजूत होती.

गोदाबाई अर्थात बाईंच्याच जेवणावर होत्या. वरणभात, वर तुपाची धार, शेवटी दहीभात. बाई जेवायला बसल्या की आधी स्वतःच्या ताटाभोवती पाणी फिरवायच्या, मग वाकून गोदाबाईंच्या पितळी थाळीभोवती. तोवर गोदाबाई मान वळवून भिंतीकडे बघत बसायच्या. पाणी फिरलं की मगच तोंड घालायच्या. आणि उपासाच्या दिवशी त्यांनाही उपास. सोमवार, जुमेरात, दोन एकादश्या, एक संकष्टी. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट घातलेलं दही, केळं. मी एकदा म्हटलं, बाई, कुत्र्याला कशाला उपास? तर म्हणाल्या, "घरात दोघी. एकीने उपास करायचा आणि दुसरीने तिच्यासमोर जेवायचं, बरं दिसतं का ते?"

व्हायचं तेच झालं. गोदाबाई इतक्या सुटल्या की जिन्याची पहिली पायरीही त्यांना चढवेना. मग अंगाला खाज सुटली. पाठीवरचे केस मुठीमुठीने जाऊ लागले, कानांना वास यायला लागला, आणि रात्रंदिवस ती बिचारी खाजवत राहायची. कातडी लाल व्हायची, मग ओली व्हायची. बाई तिच्याजवळ बसून हळदीचं तेल लावायच्या आणि म्हणायच्या, "सोसा थोडं, गोदाबाई, सोसा." ते बघवत नसे.

गल्लीच्या टोकाला जनावरांचे एक म्हातारे डॉक्टर होते, पिढ्यान्‌पिढ्यांचे हैदराबादी. त्यांनी गोदाबाईंना उलटंसुलटं तपासलं आणि खायला काय देता ते विचारलं. बाईंनी सगळं सांगितलं, साबुदाण्यासकट. डॉक्टरांनी हातातली नळी टेबलावर ठेवली.

"साबुदाना? कुत्ते को? अम्मा, ये कुत्ती नई है, आपकी समधन है." मग गंभीर होऊन म्हणाले, "चावल, दाल, दूध, सब बंद करो. मुर्गी उबाल के देओ. नई तो ये खुजा-खुजा के मर जाती."

बाई दुसऱ्या दिवशी बस धरून अफझलगंजच्या मोठ्या वाचनालयात गेल्या आणि संध्याकाळी वहीभर टिपणं घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी भाच्याशी व्हिडिओवर तासभर बोलल्या. आणि चौथ्या दिवशी, मी राहायला आल्यापासून पहिल्यांदाच, जिना चढून माझ्या खोलीत आल्या. मी घाबरले. वाटलं, खोली सोडायला सांगतायत.

"तुझ्या मामांचं घर अंबरपेठेत ना?" त्या म्हणाल्या. "तिथे जवळ कोंबडीचं दुकान असेल."

"मला काय ठाऊक बाई?" मी म्हटलं.

"इतवारी तू तिकडून आलीस की गोदाबाई पाव तास तुझे हात चाटतात. माझे हात त्यांनी सहा वर्षांत कधी चाटले नाहीत. पायऱ्या दाखवू का?"

बाईंनी ते प्रकरण तिथेच मिटवलं, कारण त्यांना माझी गरज होती. त्यांनी ठरवलं होतं की गोदाबाईंना मांस द्यायचं, पण कच्चं. डॉक्टर उकडून म्हणाले होते, पण उकडायचं तर आपल्या शेगडीवर ठेवायला हवं, आणि त्या शेगडीवर नैवेद्य शिजतो. कच्च्याला अग्नी लागत नाही. बाजारातून आलं, पाहुणीच्या पोटात गेलं, घराशी त्याचा संबंधच नाही. भाच्यानेही कॅनडातून तेच सुचवलं होतं, त्याच्या तिकडच्या ओळखीची कुत्री कच्च्यावरच होती. भाच्याची कारणं वेगळी होती आणि बाईंची वेगळी, पण उत्तर एकच आलं म्हणून बाई खूश होत्या.

डॉक्टर काही खूश नव्हते. "मैं कच्चे का कायल नई हूँ," ते म्हणाले, "उसमें बीमारी का डर रहता. लेकिन अम्मा, आप हिसाब के पक्के हैं, सफाई रखेंगे." त्यांनी सगळी पथ्यं लिहून दिली आणि शेवटी बोट वर केलं. "एक बात. जो चालू करे, वोइच चलाना. आज ये, कल वो, ऐसा नक्को."

मग मागच्या अंगणात व्यवस्था लागली. नळाजवळच्या पडवीत एक जुना लहान फ्रिज आला, वेगळी सुरी, वेगळा पाट, वेगळा वजनकाटा. पितळी थाळी घासून वर ठेवली गेली आणि स्टीलचं भांडं आलं. रविवारी मी अंबरपेठेहून आठवड्याचा माल आणायचा, मागच्या दाराने आत यायचं, आणि कापाकापी करून भाग पाडायचे. बाई चार हातांवर उभ्या. नाकाला पदर, हातात रोजच्या वजनांचा तक्ता.

"मान, चारशे ग्रॅम."

"साडेतीनशेच भरतेय, बाई."

"मग वर पन्नास ग्रॅम यकृत."

कलेजी हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. त्यांच्या तोंडी सगळं शाळेच्या पुस्तकातलं असायचं, यकृत, हृदय, अस्थी. पाठ फिरवून त्या भिंतीला सांगायच्या, आणि मी इकडे सुरी चालवत मनातल्या मनात हसायचे. माझ्या आईने मला कोंबडी साफ करायला शिकवली ती सासरी कामाला येईल म्हणून. ती बाईंकडे कामाला येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नसेल.

पहिल्या दिवशी मात्र सगळंच फसलं. भांडं समोर ठेवलं तर गोदाबाईंनी एकदा हुंगलं आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी एक तुकडा उचलून नाकाशी नेला, तर तोंडात धरला, चालत गेल्या आणि बाईंच्या पायाशी नेऊन ठेवला. बाई जागच्या जागी ताठ झाल्या. त्या दिवशी गोदाबाई उपाशी राहिल्या, दुसऱ्या दिवशीही राहिल्या. डॉक्टर म्हणाले, भूक लागेल तेव्हा खाईल. पण बाईंना दोन दिवसांत घास उतरला नाही.

तिसऱ्या दिवशी गोदाबाई पुन्हा भिंतीकडे बघत बसल्या तेव्हा बाई एकदम म्हणाल्या, "त्या थांबल्यायत."

"कशासाठी?"

बाई घरात जाऊन फुलपात्रात पाणी घेऊन आल्या. सहा वर्षं ज्या ओल्या हाताने त्यांनी वरणभाताभोवती पाणी फिरवलं होतं तो हात त्यांनी पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. मग डोळे गच्च मिटून, ओठ हलवत, त्या कोंबडीच्या मानांभोवती पाणी फिरवलं. गोदाबाईंनी वळून भांड्यात तोंड घातलं ते पार चाटूनपुसून स्वच्छ होईपर्यंत काढलं नाही.

"काय म्हणालात, बाई?" मी विचारलं.

"म्हटलं, देवा, जरा तिकडे बघ."

महिन्याभरात पाठीवर कोवळे केस दिसू लागले. कानांचा वास गेला. गोदाबाई जिना चढून थेट माझ्या खोलीत यायला लागल्या. मी खरंच सुखावले होते, आपल्या हातून काहीतरी होतंय म्हणून. पण मधूनच काय व्हायचं कोण जाणे, त्यांचं पोट एकदम बिघडायचं. उलट्या, जुलाब, दिवसभर कण्हणं. एक-दोन दिवसांनी बऱ्या होतात न होतात तोच पुन्हा तेच. डॉक्टरांचा संशय मालावर, म्हणजे माझ्यावर. मी तीन दुकानं बदलली, एका दुकानदाराशी कडाकडा भांडले. फ्रिज दुरुस्त करून घेतला. काही फरक पडेना. गोदाबाई रोडावत चालल्या, आणि एका फेरीत डॉक्टर म्हणाले की पोटातल्या ग्रंथीला सूज आहे, असा आणखी एखादा झटका आला तर ही वाचणार नाही.

त्याच आठवड्यात मला ताप आला आणि मी कचेरीत गेले नाही. दुपारी पाणी घ्यायला खाली उतरले, तर गोदाबाईंच्या पुढ्यात पितळी थाळी, आणि थाळीत साबुदाण्याची खिचडी. वर तूप.

"बाई, हे काय?"

"जुमेरात आहे," बाई म्हणाल्या.

मी बघतच राहिले. बाईंना माझं बघणं कळेना. "खाणं बदललं, उपास नाही बदलले," त्यांनी मला समजावलं. "बाकीच्या दिवशी मी तक्त्याच्या ग्रॅमभरही इकडेतिकडे करत नाही."

महिन्याचे अकरा दिवस. मी गोदाबाईंची दुखणी तारीखवार टिपलेली बाईंची वही आणि भिंतीवरचं कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवलं. सोमवारी खिचडी, मंगळवारी उलट्या. जुमेरातला खिचडी, शुक्रवारी जुलाब. पायऱ्या मीच दाखवल्या त्या दिवशी. बाईंनी वही वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली.

"मीच," त्या म्हणाल्या. "मीच मारत होते त्यांना."

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग बाईंचा चेहरा बघून थांबले. "अम्मा, हफ्ते में दो बार आप इसकी ससुराल बदल रहे थे. परेशान नक्को होओ. अब छोड़ देओ."

पण सोडायचं कसं? पुढच्याच आठवड्यात श्रावण लागत होता. त्यांच्या आईच्या काळापासून त्या घरात श्रावणात कांदा शिरला नव्हता. दोन दिवस बाई देवघरासमोर नुसत्या बसून होत्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "सुटलं. गोदाबाईंनी जेवायचं. त्यांचे उपास मी करणार."

"तुमचे तुम्ही करताच की."

"माझे वेगळे, त्यांचे वेगळे. हातचा धरायचा." म्हणजे काय, तर खिचडी खाऊन स्वतःचा उपास आणि पाण्याखेरीज काही न घेऊन गोदाबाईंचा. दोन्ही येणार एकाच दिवशी, आणि मोठा उपास लहानाला पोटात घेतो, म्हणून नुसतं पाणी. वय पंच्याहत्तरच्या पुढे, साखरेचं दुखणं, गोळ्या चालू. मी विरोध केला तर उर्दूत बोलायला लागल्या.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी मी कचेरीतून आले तेव्हा बाई मागच्या नळाजवळ पडल्या होत्या. हातात तक्ता. गोदाबाईंचं भांडं भरलेलं, आणि गोदाबाई त्याकडे पाठ करून बाईंचं तोंड चाटत होत्या. मी तोंडात साखर घातली, पाणी मारलं. बाईंनी डोळे उघडले तशी मी रडत रडत त्यांच्यावर ओरडले. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "द्या तो हातचा मला. मी करते गोदाबाईंचे उपास."

"तुला झेपायचे नाहीत. खोटं बोलून मटण खाणारी तू."

"म्हणूनच माझे जास्त लागू पडतील."

हे त्यांना पटलं. रीतसर माझ्या तळहातावर पाणी सोडून, 'गोदाबाईंच्या वतीने' असं माझ्याकडून म्हणवून घेऊन त्यांनी ते अकरा दिवस आणि एक श्रावण माझ्या हवाली केला.

मी देवभोळी नाही. पण त्या अंगणात, त्या दोघींसमोर हातावर पाणी घेतल्यावर मला ते मोडवेना. जुमेरातला कचेरीत डबे उघडले की मी शेंगदाणे चघळत बसायचे. आई फोनवर विचारायची, कसला नवस केलीस गं? तिला काय सांगणार? पण गोदाबाई खडखडीत बऱ्या झाल्या. पुन्हा एकदाही पोट बिघडलं नाही. याचं कारण साबुदाणा बंद झाला हे होतं, हे मला पक्कं माहीत होतं. तरीही भुकेच्या वेळी मला वाटायचं, मी धरून ठेवलंय हे. दोन वर्षं अशी गेली, आणि आता मागे वळून बघते तर ती माझी फार सुखाची वर्षं होती.

मग एका जुमेरातला कचेरीत एका मैत्रिणीचा निरोपसमारंभ होता. बिर्याणी आली. मी विसरले असं म्हणता आलं असतं, पण तसं नव्हतं. आठवत असून मी ताट भरून घेतलं आणि पोटभर खाल्ली.

शुक्रवारी सकाळी गोदाबाईंनी भांड्याकडे बघितलं नाही. शनिवारी सकाळी त्यांना उठता येईना. आम्ही दोघींनी चादरीत घालून त्यांना रिक्षात ठेवलं. मी रिक्षावाल्याशी बोलत होते तोवर बाई आत डॉक्टरांपाशी पोचल्या होत्या. डॉक्टरांनी पोटाचे, छातीचे फोटो काढले, सलाईन लावलं. दुपारी बाराच्या सुमाराला गोदाबाई गेल्या. बाईंचा हात त्यांच्या कानावर होता.

बाहेरच्या बाकावर मी कोसळले. बाईंना सगळं सांगितलं. बिर्याणी, जुमेरात, आठवत असून खाल्लेली. माझ्यामुळे गेल्या, बाई, माझ्यामुळे. मला तेव्हा ते अगदी खरं वाटत होतं.

बाई मग सपाट आवाजात म्हणाल्या, "काल तू कचेरीत गेल्यावर मी त्यांना दहीभात दिला. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं त्यांनी. दोनच घास. मीच दिला."

माझं रडणं थांबलं. आणि मग मला राग आला. सगळं माहीत असताना, इतकं होऊन गेल्यावर, ही बाई पुन्हा दहीभात देते? मी दोन वर्षं उपाशी राहिले ते कशासाठी? मी त्यांच्याशी तुटक वागायला लागले. कामापुरतं बोलायचे. एकदा तर त्या 'गोदाबाई असत्या तर' असं काही म्हणायला गेल्या आणि मी म्हटलं, "असत्या, बाई. तुम्ही ठेवलं असतंत तर." बाई मान खाली घालून आत गेल्या. ते वाक्य आठवलं की अजूनही मला जिभेला चटका बसल्यासारखं होतं.

तीन आठवड्यांनी उरलेली औषधं दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून मी डॉक्टरांकडे नेऊन दिली. त्यांनी चौकशी केली, अम्मा कैसे हैं? मी म्हटलं, त्यांनी दहीभात दिला नसता तर बरं झालं असतं.

"कौन सा दहीभात?" डॉक्टर म्हणाले. त्यांनी उठून फोटो काढला आणि उजेडासमोर धरला. "ये देखो. पेट बिलकुल खाली. अम्मा खुद बोले मेरे को, जुमेरात की शाम से ये पानी के सिवा कुछ नई ली. इसको दिल की बीमारी थी बेटा, महीनों से अंदर ही अंदर बढ़ रही थी. ग्यारह साल की हो गई थी. किसी का कुछ कसूर नई था."

मी घरी चालत आले. नारायणगुड्याच्या त्या गर्दीत कुठून कशी आले मला आठवत नाही. बाई मागच्या पायरीवर मटार सोलत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि मूठभर शेंगा ओढून घेतल्या.

"डॉक्टरांकडे जाऊन आले. औषधं दिली."

बाईंचे हात थांबले. "काय म्हणाले?"

"काही नाही. गर्दी होती."

बाईंनी शेंग उकलली. मीही उकलली. दाणे परातीत पडत होते. मग मी म्हटलं, "बाई, दोन घास दहीभाताने काही होत नसतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलंय, हे त्यांना कळलं की नाही, मी सांगू शकत नाही. त्यांनी मटारचा हात पदराला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

"नाहीच होत," त्या म्हणाल्या. "बिर्याणीनेही होत नाही."

आणि गोदाबाई गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघी एकत्र रडलो.